दार कोण उघडतं?

मिनेसोटातल्या डलूथ गावच्या टेकडीवरच्या मेडिकल कॉलेजात ऑरिन ट्वेट नावाचे एक डॉक्टर होते, आणि कुणी चक्कर येऊन पडलं की सगळ्यात आधी बाजूला सरकायचे ते हेच. त्यांची डॉक्टरकी कथा-कादंबऱ्यांवर मिळवलेली. नाडी नेमकी कुठे लागते हेही त्यांना धड सांगता आलं नसतं. शवविच्छेदन आणि जीवरसायन यांच्या मधल्या फटीत, बुधवारी दुपारी, पहिल्या वर्षाच्या मुलांना ते मानव्यविद्या शिकवायचे. वेळापत्रकात हे भारदस्त नाव, मुलांच्या तोंडी मात्र 'माणुसकीचा तास'. या तासाला निम्मी मुलं मांडीवर पुस्तक ठेवून हाडांची नावं घोकत, काही उघड्या डोळ्यांनी झोपत. नापास सहसा कुणी होत नसे, त्यामुळे तक्रारही कुणाची नसे.

सर तरी निष्ठेने शिकवायचे. भिंतीवर एखादं चित्र लावून मुलांना ते नुसतं बघत बसायला लावायचे. एखादी गोष्ट वाचून दाखवायचे आणि तिच्यातला म्हातारा कुठे खोटं बोलला ते शोधा म्हणायचे. मुलं जांभया द्यायची. पण सरांची एक गोष्ट मात्र त्या झोपाळू मुलांच्याही डोक्यात कायमची बसायची.

पेशंटची माहिती घेताना डॉक्टरला एक रकाना भरावा लागतो: एकटे राहता का, हो किंवा नाही. सरांचा या रकान्यावर भारी राग. ते म्हणायचे, एकट्या माणसाला असं तोंडावर विचारलं की तो आधी अंग झाकून घेतो, मग उत्तर देतो. त्यापेक्षा विचारा, "तुम्ही घरी जाता तेव्हा दार कोण उघडतं?" आणि विचारून गप्प बसा. उत्तर ऐकूच नका, उत्तराच्या आधी माणूस किती थांबतो ते ऐका. ज्याच्या घरात माणसं आहेत तो पटकन सांगून मोकळा होतो. ज्याच्या घरी कुणी नाही तो थांबतो.

या एका प्रश्नाने सरांना गावात नाव मिळवून दिलं. वर्षअखेरच्या पार्टीत मुलं जाड काड्यांचा चष्मा लावून त्यांची नक्कल करायची, "दार कोण उघडतं?" एका वर्षीच्या मुलांनी तर तो प्रश्न कॉफीच्या मगांवर छापून सरांना अर्धा डझन मग भेट दिले. एकट्या माणसाला अर्धा डझन मग कशाला लागतात, हा विचार तेव्हा कुणाच्या मनात आला नाही. आणि शिकून बाहेर पडलेली मुलं गावातल्याच दवाखान्यांत बसू लागली, तसा तो प्रश्नही गावभर झाला. आमच्या डलूथमध्ये नुसता सर्दी-खोकला घेऊन गेलात तरी कुणी ना कुणी तो विचारणारच.

तर ज्याने हा प्रश्न शिकवला त्याच्या घरी दार कोण उघडत होतं? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. सरांची बायको कॉनी एका हिवाळ्यात उन्हाला म्हणून ॲरिझोनाला गेली आणि उन्हातच राहिली. भांडण नाही, तंटा नाही. दोघांनी फोनवर एकमेकांची माफी मागितली आणि संसार मिटवला. त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. फार्गोला एक बहीण होती, इन्ग्रिड. दर रविवारी तिचा फोन यायचा. तीन वर्षांपूर्वी ती वारली, तेव्हापासून रविवारी फोन वाजत नाही. शाळा-कॉलेजातली ओळख भरपूर, पण ती सगळी 'कसे आहात, मस्त' इथपर्यंतची. सर घरी जायचे, स्वतःच कुलूप काढायचे आणि सवयीने "आलो" म्हणायचे.

जानेवारीत सरांना शौचातून रक्त पडायला लागलं. पहिल्यांदा ते म्हणाले, लोणच्यातलं बीट खाल्लं असेल. मग बीट बंद केलं, रक्त बंद झालं नाही. शेवटी लायनस ओयेनकडे गेले. हा डॉ. ओयेन म्हणजे त्यांच्याच वर्गात मागच्या बाकावर घोरणारा एक जण. आता पोट सुटलं होतं, डोक्यावरचे केस गेले होते, हात मात्र हलका होता. त्याने सगळं तपासलं आणि कोलोनोस्कोपी करावी लागेल, आतड्यात दुर्बीण घालून बघावं लागेल, असं सांगितलं. वय आणि वजनातली घट बघता उशीर करण्यात अर्थ नाही, हेही सांगितलं. मग खुर्ची जवळ ओढली, चष्मा काढला आणि परीक्षेत पाठ केलेलं नेमकं विचारलं गेल्याच्या आनंदात म्हणाला, "सर, घरी जाता तेव्हा दार कोण उघडतं?"

सर एक क्षणही थांबले नाहीत. थांबायचं नसतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? "अरे, उघडायला बंद तरी कुठे असतं," ते हसत म्हणाले, "येणं-जाणं चालूच असतं कुणाचं ना कुणाचं." ओयेन खूश झाला. त्याने त्यांना दारापर्यंत सोडलं. गाडीत बसल्यावर सरांना स्वतःचीच लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त वाटली ती भीती. कारण बाहेर नर्सने एक नियम सांगितला होता. तपासणीला गुंगीचं औषध देतात, म्हणून एक मोठं माणूस बरोबर हवं. त्याने तपासणी होईपर्यंत बाहेर बसायचं, नंतर घरी न्यायचं आणि घरात पोचवूनच जायचं. टॅक्सी चालणार नाही. असं माणूस नसेल तर तपासणी होणार नाही.

मेडिकल कॉलेजात बावीस वर्षं शिकवलेल्या माणसाला घरी नेणारं एक माणूस मिळत नव्हतं, हे सांगायला मलाही बरं वाटत नाही. पण तसं होतं. आणि दोष एकट्या सरांचाही नव्हता, आमच्या मिनेसोटाच्या रीतीचाही होता. आमच्याकडे कुणी कॉफी विचारली तर पहिल्यांदा म्हणायचं "नको नको", दुसऱ्यांदा "उगाच कशाला त्रास", आणि तिसऱ्यांदा विचारलं तरच "बरं, अर्धा कप". दोनदा विचारून जो थांबला त्याने नुसता शिष्टाचार केला असं धरायचं. स्वतःहून काही मागणं तर आमच्यात जवळजवळ शिवी दिल्यासारखं. या रीतीत वाढलेला माणूस हिमवादळात गाडी अडकली तरी मदतीला आलेल्याला दोनदा "राहू दे" म्हणतो, आणि तिसऱ्यांदा विचारायला तो थांबला नाही तर गारठून मरतो. भीड भिकेची बहीण म्हणतात, इथे तर ती मृत्यूचीही चुलतबहीण आहे.

पहिली तारीख सरांनी बर्फाचं कारण सांगून रद्द केली. त्या दिवशी बर्फ पडला होता हे खरं, पण आमच्याकडे फेब्रुवारीत बर्फ पडला म्हणून कुणी काही रद्द करत नाही. दुसऱ्या तारखेला मात्र ते गेले. आदल्या दिवशी पोट साफ करायचं ते खारट औषध ग्लास भरभरून प्यायले, रात्र संडासात काढली आणि सकाळी पांढरेफटक होऊन हजर झाले. घरी कोण नेणार असं नर्सने विचारलं तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बहीण. इन्ग्रिड." फोन नंबर विचारला तोही सांगितला. तो एकच नंबर त्यांना पाठ होता. नर्सने त्यांच्यासमोरच फोन लावला. तिकडून कुणीतरी पुरुष म्हणाला की हे टायरचं दुकान आहे, इन्ग्रिड वगैरे इथे कुणी नाही. नर्सने फोन हळूच ठेवला, पुन्हा लावून बघू का म्हणाली. सर म्हणाले, नको. तिने त्यांचा कोट आणून दिला आणि त्यांना घरी पाठवलं.

तेव्हा ओयेनचा फोन आला. आवाजात पहिल्यांदाच डॉक्टर होता, विद्यार्थी नव्हता. या शुक्रवारची वेळ काढून ठेवलीय, तो म्हणाला, पण गुरुवारी दुपारपर्यंत बरोबर येणाऱ्याचं नाव कळवायचं. आणखी पुढे ढकलणं मला पटत नाही, सर. सरांनी हो हो म्हटलं. सोमवार गेला, मंगळवार गेला. मंगळवारी त्यांनी स्टाफरूममध्ये दोनदा कुणाजवळ तरी विषय काढायचा म्हणून घसा खाकरला, आणि दोन्ही वेळा हवेबद्दल बोलले.

मग बुधवार आला. त्या दिवशी वर्गात पेशंटची माहिती कशी घ्यायची याचा सराव होता. अशा सरावाला पैसे देऊन नट बोलावतात. नटाला कागदावर भूमिका लिहून देतात, तो पेशंट होतो, एक विद्यार्थी डॉक्टर होतो आणि बाकीचे कागद समोर ठेवून बघतात. पण नटाची बस सुपीरियर गावाच्या पुलावर अडकली होती. सर म्हणाले, हरकत नाही, पेशंट मी होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

भूमिका सोपी होती. वय सदुसष्ट, खनिजाच्या बोटीवर स्वयंपाकी होता, आता निवृत्त. पोट दुखतं, वजन उतरलंय. घरी बायको, नाव डोरिस, सेहेचाळीस वर्षांचा संसार. डॉक्टर व्हायची पाळी काझुआ थाओची होती. काझुआ सेंट पॉलची, आग्नेय आशियातून आलेल्या ह्माँग जमातीच्या घरातली. वर्गात फारसं बोलायची नाही, आणि सरांच्या त्या लाडक्या प्रश्नावर तिने पहिल्याच महिन्यात नाक मुरडलं होतं. आमच्याकडे दार बंद दिसलं तरच लोकांना काळजी वाटते, उघडतं कोण असं कुणी विचारत नाही, असं ती म्हणाली होती. वर्ग हसला होता. सरही हसले होते, पण मनातून खट्टू झाले होते.

आज मात्र तिने नीट विचारलं. दुखतं कुठे, कधीपासून, झोप लागते का. सर बोटीवरच्या स्वयंपाक्यासारखे जाड्याभरड्या आवाजात उत्तरं देत होते आणि मुलं मजा घेत होती. मग काझुआने हातातलं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुम्ही घरी जाता तेव्हा दार कोण उघडतं?"

सर थांबले. एवढे थांबले की मागच्या बाकावरच्या मुलांनीही मांडीवरच्या पुस्तकातून माना वर केल्या. मग तो जाडाभरडा आवाज विसरून ते म्हणाले, "मीच उघडतो. आत जाऊन 'आलो' म्हणतो. मग तळघरातला हीटर सुरू होतो, तेवढाच आवाज येतो. कधी कधी त्याच्यासाठी थांबून राहतो मी, कोट न काढता."

मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या, तशा सगळ्यांनीच वाजवल्या. पहिल्या बाकावरच्या ट्रेंटने मात्र कागदावर बोट ठेवून हात वर केला. "सर, पण याला बायको आहे. डोरिस. तुम्ही तिला मारून टाकलंत की." मोठा हशा पिकला. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "शाबास," ते म्हणाले, "कुणी पकडतं का तेच बघत होतो." आणि तास दहा मिनिटं आधीच सोडून दिला. मुलं डोरिसला श्रद्धांजली वाहत बाहेर पडली.

काझुआ एकटी मागे राहिली. तिने खुर्च्या सरळ केल्या, ज्या सरळ करायची काही गरज नव्हती. मग म्हणाली, "सर, तुमचं वजन उतरलंय. ते काही कागदावर लिहिलेलं नाही."

हिवाळ्यात उतरतंच, सर म्हणाले. ती हलली नाही. शेवटी, तिला घालवायचं म्हणून, त्यांनी शुक्रवारी एक किरकोळ तपासणी आहे एवढं सांगून टाकलं. दुर्बिणीची का, तिने विचारलं. ते हो म्हणाले.

"मग तुम्हाला घरी कोण..."

"मित्र येतोय एक. जुना मित्र आहे."

काझुआ त्यांच्याकडे बघत राहिली. "सर, आमच्या घरी कुणी हा प्रश्न विचारला ना, तर आईला उत्तर द्यायला अर्धा तास लागेल. कोण मोकळा आहे, कुणाची गाडी चालू आहे, कुठल्या मामाला नाही सांगितलं तर तो रुसेल. आजीच्या ऑपरेशनला तेवीस जण गेले होते, दवाखान्याने खुर्च्या कमी पडतात म्हणून सांगितलं. ज्याच्याकडे माणसं असतात त्याला विचार करावा लागतो. तुम्ही तर माझा प्रश्न पुरा होऊ दिला नाहीत."

बावीस वर्षं शिकवलेली गोष्ट उलटी होती, हे सरांना त्या रिकाम्या वर्गात कळलं. ते टेबलावर टेकले.

"मी येते," काझुआ म्हणाली. "शुक्रवारी सकाळी मला फक्त लॅब आहे."

"नको नको."

"मावशीची व्हॅन आहे माझ्याकडे. खरंच येते."

"काझुआ, अजून तुझ्या निकालावर माझी सही व्हायची आहे," सर म्हणाले, आणि आता आवाज मास्तरांचा होता. "ज्याच्या हातात तुझा निकाल आहे त्याला तू गाडीतून न्यायचं नाही. हे मी भिडेने बोलत नाही. हे बरोबर नाही म्हणून बोलतोय."

तिला ते पटलं असावं. तिने पाठीवर दप्तर अडकवलं. दारापाशी जाऊन वळली आणि म्हणाली, "मग ज्याचा निकाल तुमच्या हातात नाही अशा कुणाला तरी विचारा. आम्हाला विचारायला शिकवता ना?" आणि गेली. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही, आणि सरांना त्याचं वाईट वाटलं याचंच त्यांना नवल वाटलं.

घरी आल्यावर ते "आलो" म्हणाले नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजच्या डोक्यावर ठेवलेलं काचेचं भांडं त्यांनी खाली काढलं. तीन वर्षं ते तिथे होतं. भांड्याच्या बुडाला कागदी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर निळ्या शाईने लिहिलं होतं: आर्लिस.

आर्लिस स्वेनसन म्हणजे समोरच्या घरातल्या बाई. शाळेच्या कँटीनमधून निवृत्त झालेल्या, आडव्या बांध्याच्या. नवरा कधीच वारलेला, मुलगा अलास्कात. इन्ग्रिड गेली तेव्हा त्या रीतीप्रमाणे हॉटडिश घेऊन आल्या होत्या. खाली खिमा आणि वाटाणे, मध्ये मशरूमचं सूप, वर बटाट्याच्या तळलेल्या गोळ्या. आमच्याकडे मयताच्या घरी दुसरं काही नेत नाहीत. दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या होत्या, काही लागलं तर सांग. सर म्हणाले, नको नको. त्या म्हणाल्या, अगदी काहीही, ऑरिन. सर म्हणाले, उगाच कशाला त्रास. आणि बाईंनी पुन्हा तोंड उघडायच्या आत, डोळ्यांत पाणी यायला लागलं म्हणून, त्यांनी दार लावून घेतलं होतं.

भांडं परत करायचं तर रिकामं करता येत नाही, हीदेखील रीतच. काहीतरी घालून द्यायचं. सरांना उकडलेल्या अंड्यापलीकडे काही येत नव्हतं. आज करू, उद्या करू, आधी एखादा केक शिकू, असं म्हणता म्हणता भांडं फ्रिजवर राहिलं. आणि परत न केलेल्या भांड्यामुळे आर्लिसबाई दिसल्या की सर गाडीच्या चाकाकडे बघत चालायला लागले. तीन वर्षं समोरासमोर राहून दोघांमध्ये हात हलवण्यापलीकडे काही नव्हतं. बाईंना वाटलं असणार, माणूस शिष्ट आहे.

सरांनी भांडं धुतलं, पुसलं आणि रिकामंच हातात घेऊन रस्ता ओलांडला. अजून उजेड होता. टेकडीखालच्या मोठ्या सरोवरावर बर्फ पसरला होता, एकही बोट नव्हती. बेल वाजवल्यावर त्यांना मनापासून वाटलं की बाई घरी नसाव्यात. पण आर्लिसबाईंनी दार उघडलं. अंगात नवऱ्याचा जुना स्वेटर, हाताला पीठ. त्यांनी आधी सरांकडे बघितलं, मग भांड्याकडे, मग भांड्याच्या आत.

"रिकामं आहे," सर म्हणाले. "मला काही करता येत नाही."

"दिसतंय," बाई म्हणाल्या.

सर पुन्हा थांबले, दुपारी वर्गात थांबले होते तसे. या वेळी टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. मग ते एका दमात बोलून गेले. शुक्रवारी तपासणी आहे, रक्त पडतंय, नेणारं माणूस लागतं, माझ्याकडे कुणी नाही, तू येशील का. बोलून झाल्यावर त्यांचे कान पुन्हा तापले. लगेच त्यांनी माघार घ्यायला सुरुवात केली: अर्थात तुला दुसरं काही काम असलं तर, आणि रस्ताही घसरडा आहे, आणि मी दुसऱ्या कुणाला तरी...

आर्लिसबाईंनी भांडं त्यांच्या हातातून काढून घेतलं. "त्या दिवशी तिसऱ्यांदा विचारायचं राहिलंच माझं," त्या म्हणाल्या. "तू तोंडावर दार लावलंस. किती वाजता?"

"अगं, पण खरंच जर..."

"ऑरिन, किती वाजता?"

सात, सर म्हणाले.

शुक्रवारी सगळं व्हायचं तसं झालं. आर्लिसबाई लोकरीचं विणकाम घेऊन बाहेर बसल्या. नर्स तीच होती. नातं काय, तिने विचारलं. बाई म्हणाल्या, "समोरची." नर्सने सरांकडे एकदाच बघितलं आणि पुढचं काही विचारलं नाही. सरांचे कपडे, चष्मा, किल्ल्या एका पिशवीत घालून तिने ती पिशवी बाईंकडे दिली. तपासणीनंतर ओयेन येऊन पलंगाच्या कडेला बसला. आत एक गाठ होती, तो म्हणाला, तिचा तुकडा तपासायला पाठवलाय, पुढच्या आठवड्यात कळेल. चांगली आहे की वाईट ते आज सांगता येत नाही, आणि मी खोटा धीर देणार नाही. मग त्याने तो प्रश्न विचारला नाही. नुसता थोडा वेळ हात धरून बसला. सरांना वाटलं, बरा शिकलाय, झोपला होता तरी.

परतताना बाई गाडी सावकाश चालवत होत्या, प्रत्येक वळणावर बर्फाला शिव्या देत. सरांच्या डोक्यात गुंगी होती आणि गुंगीच्या खाली ती गाठ होती. आठवडाभर ते तिच्याबरोबर एकटेच राहणार होते, हे त्यांना नीट कळत होतं. गाडी थांबली. घरात पोचवूनच जायचं, असं नर्सने बाईंना बजावलं होतं, आणि किल्ल्या त्यांच्याच पिशवीत होत्या. त्यामुळे त्या पुढे गेल्या, कुलूप काढलं आणि आधी स्वतः आत शिरल्या. दिवा लावला. सर कठड्याला धरून मागून एकेक पायरी चढत होते.

ते उंबऱ्यापाशी पोचले आणि थांबले. आतून आर्लिसबाई म्हणाल्या, "आत ये की रे. थंडी येतेय."

कॉनी गेल्यापासून त्या घरातून त्यांना कुणी आत ये म्हटलं नव्हतं. सर दारातच उभे राहून रडायला लागले. आवाज न करता नव्हे, चांगले हुंदके देऊन, नाक वाहेपर्यंत. बाई घाबरल्या नाहीत. त्यांनी सरांना दंडाला धरून आत घेतलं, खुर्चीत बसवलं, पायावर चादर टाकली. मग फळीवरचा एक मग काढला, त्याच्यावर काय छापलंय ते न वाचता त्यात पाणी ओतलं आणि त्यांच्या हातात दिला.

"रड, रड," त्या म्हणाल्या. "नर्सने सांगितलंय मला. त्या औषधाने होतं असं."